वाईट आधी, चहा नंतर

त्या दिवशी मी नांदेडला लेकीकडे होतो. सकाळचा चहा झाला होता, नातू माझ्या चष्म्याच्या मागे लागला होता, आणि फोन वाजला. प्रतिभा कदमचा. प्रतिभा म्हणजे आमच्या बांधकामाच्या फर्मची प्रोजेक्ट मॅनेजर. "सर, बसलाव का तुमी?" एवढंच तिनं आधी विचारलं. मी उभा होतो. तो प्रश्न कानावर पडला आणि मी पलंगाच्या कडेला टेकलो. "बसलो. बोल." मग ती सरळ म्हणाली, "हनीफचाचा गेले, सर. पहाटेच्या नमाजनंतर, घरीच. भाभी, आसिफ, सगळे जवळ होते. तकलीफ फार झाली न्हाई. दुपारच्या नमाजनंतर कळमनुरीलाच माती हाय. आता निघालाव तर बराबर पोचता." मग पुढं म्हणाली, "आन् सर, वारंगा फाट्यावर थांबू नका." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

चपला शोधत होतो तेवढ्यात दुसरा फोन. मारोतराव. हनीफचा आणि माझा शाळेतला सोबती, कळमनुरीत त्याचं खताचं दुकान आहे. आवाज मुद्दाम साधा ठेवलेला. "दिनकरराव, हनीफची तब्येत जरा जास्त हाय. तुमी निघून या." मी म्हणालो, "मारोतराव, मला कळलंय." पण गडी हेका सोडेना. "न्हाई न्हाई, तसं काही न्हाई. जरा जास्त हाय इतकंच. घाबरू नका. पण निघा." मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. बाप हसतोय का रडतोय हे तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. हनीफनं हा फोन ऐकला असता तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, "घे! मी मरूनबी सीरियसच!"

आमच्या हिंगोली-कळमनुरीकडे माणूस गेला तर 'गेला' असं फोनवर सांगत नाहीत. 'तब्येत जास्त आहे', 'सीरियस आहेत', 'एकदा तोंड बघून जा'... अशी पायरीपायरीनं बातमी देतात. लांबून येणाऱ्याला वाटेत धक्का बसू नये, हा त्यामागचा हेतू, आणि हेतूत खोट काही नाही. पण शेख हनीफ या एका रिवाजावर मनापासून चिडायचा. एरवी चिडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ते खातं माझ्याकडे होतं आणि मी ते नीट चालवत होतो.

त्याच्या चिडण्याला कारण होतं आणि ते घडलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच होतो. आम्ही दोघं नांदेडला सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो, एकाच खोलीत राहत होतो. एका सकाळी गावाकडचा एक ट्रक ड्रायव्हर खोलीवर निरोप घेऊन आला, "अब्बाची तब्येत जास्त हाय, घरी बोलावलंय." हनीफचे अब्बा म्हणजे कापूस पिंजणारे. त्यांच्या हातच्या गाद्या आमच्या घरीही होत्या. दम्याचा त्रास जुना, त्यामुळे तब्येत जास्त होणं काही नवीन नव्हतं. आम्ही एस.टी.नं निघालो, वारंगा फाट्यावर गाडी बदलायला उतरलो, आणि हनीफ म्हणाला, आजारी माणसाकडे हात हलवत कसं जायचं? मग आम्ही फळांच्या गाड्यावर मोसंबी निवडत बसलो. चांगली वेळ घेऊन निवडली. गोड निघतील का म्हणून मी एक सोलून बघायला लावली. समोरून कळमनुरीची एक गाडी निघून गेली, तर हनीफ म्हणाला, जाऊ दे, मागून दुसरी येईलच... घरी पोचलो तेव्हा कब्रस्तानातून माणसं परत येत होती. उन्हाळ्याचे दिवस, त्यांना थांबता आलं नव्हतं. हनीफ पिशवी हातात धरून दारात उभा राहिला. त्याच्या अम्मीनं ती पिशवी काढून घेतली आणि मोसंबी गल्लीतल्या लेकरांना वाटून टाकली.

पुढे कितीतरी वर्षांनी एकदा साइटवर मोसंबी सोलता सोलता तो मला म्हणाला, "त्या ड्रायव्हरनं खरं सांगितलं असतं ना दिनू, तर मी त्याच्याच ट्रकच्या टपावर बसून गेलो असतो." मी विचारलं, "मग मोसंबी कशी काय खातोस रे तू?" तर म्हणतो, "मोसंबीचा काय गुन्हा? गुन्हा बातमीचा." आणि एक फोड माझ्याकडे सरकवली.

डिप्लोमा झाल्यावर मी वडिलांच्या फर्ममध्ये शिरलो. शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, गोदामं अशी आमची कामं. हनीफ पुण्याला, मग हैदराबादला मोठ्या कामांवर गेला. तिथंच जुबेदाभाभींशी त्याचं लग्न झालं. अम्मी थकल्यावर तो कळमनुरीला परतला आणि मी त्याला लगेच उचलला. पण तो नुसता अनुभवावर बसून राहणारा माणूस नव्हता. चाळिशी उलटल्यावर त्यानं प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटचा अभ्यास मांडला. "कागद लागतोच दिनू," म्हणायचा. "समोरच्यानं आपल्यावर इमारत टाकायची, तर त्यानं काय बघून टाकायची?" घरी भाभी पुस्तक हातात धरून त्याला प्रश्न विचारायच्या आणि तो कांदे कापत उत्तरं द्यायचा. तो पास झाला तोवर भाभींनाही सगळं पाठ झालं होतं, अगदी ज्या कामावर बाकी सगळं अडतं तो 'क्रिटिकल पाथ'सुद्धा. मी जेवायला गेलो की त्या आतून ओरडायच्या, "दिनूभाई, थोडा सबर करो. बिर्याणी का क्रिटिकल पाथ चावल नै, गोश्त है!" दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं, ते म्हणजे हैदराबादला बहिणीकडे जायचं. ज्या गल्लीत त्या वाढल्या, ती हनीफच्या हातात हात घालून त्यांना एकदा निवांत फिरायची होती. हनीफचं उत्तरही ठरलेलं: "ये स्लॅब हो जाने दे, फिर चलते." आणि आमच्या धंद्यात एक स्लॅब झाला की दुसरा उभाच असतो.

कामावर आल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती शनिवारच्या बैठकीची. आमच्या हिंगोलीच्या ऑफिसात सगळ्या साइटची माणसं शनिवारी सकाळी जमायची, चहा प्यायची, 'चालू आहे, होऊन जाईल' म्हणायची आणि घरी जायची. हनीफनं ट्रेमधले सगळे कप पालथे घालून ठेवायला सुरुवात केली. ज्याची वाईट बातमी सांगून झाली, त्यानं आपला कप सरळ करायचा. त्याला चहा मिळणार. "वाईट आधी, चहा नंतर," हा कायदा. पहिल्या शनिवारी कुणाचाच कप सरळ झाला नाही आणि किटलीतला चहा गार झाला. "एवढ्या साइटा, आन् एकबी वाईट बातमी न्हाई?" हनीफ गालात हसत म्हणाला. "म्हणजे गडीहो, तब्येत फारच जास्त हाय." सगळे हसले. मग सेंट्रिंगवाला खाकरला आणि म्हणाला की शाळेच्या खोलीचा एक कॉलम जरा वाकडा आलाय. मी उसळून उठणार तोच हनीफनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सेंट्रिंगवाल्याचा कप स्वतः सरळ करून त्यात चहा ओतला.

माझ्या गुडघ्यावरचा तो हात पुढे कायमचा झाला. माझा आवाज चढतो, हे जिल्ह्यातल्या वाळूवाल्यापासून लोखंडवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्यावर हनीफनं आपला इलाज काढला होता. एरवी मी त्याचा दिनू. पण वाईट बातमी असली की तो दारात उभा राहून अदबीनं म्हणायचा, "मालक..." हा शब्द ऐकला की मी हातातलं काम खाली ठेवायचो, पाणी प्यायचो, खुर्चीला पाठ टेकायचो आणि म्हणायचो, "बोल." मग तो तीन गोष्टी सांगायचा: काय झालं, किती झालं, आता काय करायचं. तिसरी गोष्ट हातात असल्याशिवाय तो कधी आला नाही, आणि तिसरी गोष्ट सुचत नाही म्हणून पहिली लपवूनही त्यानं कधी ठेवली नाही. अशा वेळी म्हणायचा, "उपाय मला सापडला न्हाई, पण बातमी शिळी करायची न्हाई."

साठीच्या जवळ आल्यावर त्यानंच विषय काढला की आता आपल्या जागी माणूस शोधू. मी उत्साहानं जाहिरात लिहायला घेतली. बी. ई. सिव्हिल, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट, पाच वर्षांचा अनुभव, वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर, इंग्रजी, उत्तम संभाषण, नेतृत्वगुण, ताण सहन करण्याची क्षमता, हसतमुख, फिरतीची तयारी... हनीफनं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "दिनू, मॅनेजर शोधून राहिला का जावई?" मी म्हणालो, "मग यातलं काय काढू?" तर म्हणे, "काही नको काढू. सगळंच लागतं. जो येईल त्याला पहिले पगार ऐकून ताण सहन करता येतो का बघू." जाहिरात तशीच गेली. मुलाखतीत शेवटचा एक प्रश्न मात्र तो स्वतः विचारणार, एवढं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

तो प्रश्न ऐकून उमेदवारांचे चेहरे व्हायचे ते बघण्यासारखे. डिग्री, अनुभव, खर्चाचा अंदाज, मजूर अडले तर काय कराल, हे सगळं रीतसर होऊन माणूस सैलावला की हनीफ प्रेमानं विचारायचा, "तुमच्या घरी कुणी वारलं, तर बाहेरगावच्या पाहुण्यांना बातमी कशी देता?" पुण्याहून कामाचे रंगीत तक्ते घेऊन आलेला एक उमेदवार म्हणाला, "फॅमिली ग्रुपवर फुलांचा फोटो टाकतो." वसमतकडचा एक चांगला शिकलेला पोरगा म्हणाला, "तब्येत जास्त हाय म्हणून सांगतो, सर. एकदम धक्का बसू नये." "बराबर," हनीफ म्हणाला. "आन् स्लॅबला तडा गेला तर मालकाला काय सांगाल?" पोरगा प्रामाणिक. थोडा विचार करून म्हणाला, "तब्येत जास्त हाय म्हणून." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. त्याला हनीफनं नंतर टाकीच्या कामावर सुपरवायझर म्हणून घेतलं आणि तो आजही आमच्याकडे आहे.

प्रतिभा जवळा बाजारजवळच्या खेड्यातली. वडील शेतकरी. डिप्लोमा करून नोकरी करता करता तिनं डिग्री पूर्ण केलेली, सर्टिफिकेटचा अभ्यास चालू, अनुभव आमच्या जाहिरातीपेक्षा कमी. तिला प्रश्न विचारल्यावर ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडंबी तसंच सांगतात. पण आजोबा गेले तेव्हा आत्याला मी फोन केला. आधी विचारलं, आत्या, बसलाव का? जवळ कोण हाय? मग सांगितलं की आजोबा गेले. मग सांगितलं की आमी थांबलोय, तुमी आल्याशिवाय उचलणार न्हाई, अमुक गाडीनं या." हनीफनं विचारलं, "घरचे काय म्हणाले?" "लई शिव्या घातल्या. पोरीला काळीज न्हाई म्हणाले. पण आत्या वेळेवर आली." टेबलाखाली हनीफचा हात माझ्या गुडघ्यावर आला... मला तो पुण्याचा तक्तेवाला आवडला होता. पण त्या हातापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

तिची परीक्षा लवकरच झाली. जवळा बाजारला शेतकऱ्यांच्या एका गटासाठी हळदीचं गोदाम बांधत होतो. एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. "सर, गोदामाचा ओटा चुकलाय. आपण तो ट्रकच्या उंचीचा धरला. पण इथं हळद ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत येते. ट्रॉली हातभर खाली राहणार, म्हणजे प्रत्येक पोतं वर उचलून द्यावं लागंल. नकाशा मीच तपासला होता. मी त्याच गावाकडची, माझ्या बापाची हळदबी ट्रॉलीतच येते, तरी ध्यानात आलं न्हाई. सेंट्रिंग उभं हाय, काँक्रीट अजून पडलं न्हाई. पुढची बाजू ट्रॉलीसाठी खाली घेऊ, मागची ट्रकसाठी ठेवू. काम पुढं ढकललं जाईल, पण हळद यायच्या आत होईल." मी ओरडलो. भरपूर ओरडलो. मी जाहिरातीत लिहिलेली ताण सहन करण्याची क्षमता त्या दिवशी पूर्ण वापरली गेली. ती शांत उभी राहिली आणि माझा दम संपल्यावर म्हणाली, "मग सांगू का सेंट्रिंगवाल्याला?" बाहेर व्हरांड्यात हनीफ बसला होता. लग्नघरातल्या वरबापाला नसेल इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

त्याच सुमारास तो वाळायला लागला. जेवण कमी झालं, पँट कमरेवर थांबेना. मुलगा आसिफ त्याला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेला, तपासण्या झाल्या, आणि घरी येऊन सांगण्यात आलं की पित्ताचा त्रास आहे, पथ्य पाळलं की उतरेल. आम्हा सगळ्यांना तेच सांगितलं गेलं. मीही विश्वास ठेवला आणि त्याला पित्तावर आवळा किती चांगला यावर व्याख्यान दिलं. भाभींनी हैदराबादचं काढलं तर तो म्हणाला, "ये पित्त उतरने दे, फिर चलते." मी समोरच होतो. भाभी तोंड फिरवून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या असतील.

घराबाहेर खरी गोष्ट आधी कळली ती प्रतिभाला. शेवटच्या तपासणीला तीच गाडी घेऊन त्यांच्याबरोबर गेली होती आणि दवाखान्याच्या जिन्यात आसिफ तिच्यापाशी रडला होता. दुखणं हाताबाहेर गेलं होतं. अब्बांना सांगायचं नाही, ते खचतील, असं घरातल्या थोरामोठ्यांनी ठरवलं होतं. आसिफनं तिच्याकडून वचन मागितलं. तिनं दिलं नाही. ती सरळ भाभींकडे गेली. हे भाभींनीच मला नंतर सांगितलं. प्रतिभा म्हणाली, "भाभी, घर तुमचं, माणूस तुमचं. तुमी न्हाई म्हणलाव तर मी गप्प बसते. पण चाचा स्लॅब व्हायची वाट बघून राहिले आन् स्लॅब होणार न्हाई. वाट बघण्यातच सगळे दिवस जातील." भाभी म्हणाल्या, "मेरे से नै होता बेटी. तू बोल. पन मैं दरवाजे में खडी रहती."

त्या संध्याकाळी मी हनीफकडे गेलो होतो. अंगणात बाजेवर तो तक्क्याला टेकून बसला होता, मी खुर्चीत. प्रतिभा आली, समोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "चाचा, बसलाव का तुमी?" तो तर बसलेलाच होता. पण तो प्रश्न ऐकला आणि त्याला सगळं कळलं. मला दिसलं ते, त्याच्या डोळ्यांत. त्यानं पाय खाली सोडले, पाठ सरळ केली. "बसलो. बोल." तिनं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. "किती?" त्यानं विचारलं. "डॉक्टर महिन्यांत बोलून राहिले चाचा, वर्षांत न्हाई. दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं." "आन् आता काय करायचं?" "दुखणं कमी ठेवता येतं, त्याची औषधं हायत. बाकी तुमी ठरवायचं. आमी सगळे इथंच हाव."

भाभी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. हनीफनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर ते शनिवारचं हसू आलं. "बघ दिनू," म्हणाला, "माणूस बराबर घेतला होता का न्हाई?" मी लहान मुलासारखा रडायला लागलो. त्यानं नेहमीसारखा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाराकडे बघून म्हणाला, "जुबेदा, सामान बांध. हैदराबाद चलते."

आणि गेले की दोघं! बहिणीच्या घरी राहिले, भाभींच्या गल्लीत फिरले. मला रोज फोटो यायचे. एका फोटोत इराणी चहाच्या कपासमोर हनीफ, खाली त्यानं लिहिलेलं, "कप सरळ आहे." आसिफ काही दिवस प्रतिभाशी बोलत नव्हता. मग अब्बा-अम्मीचे फोटो बघून बघून तोही निवळला आणि रजा काढून हैदराबादला जाऊन आला. परतल्यावर हनीफ बसून राहिला नाही. प्रतिभाला गाडी चालवायला लावून एकेका साइटवर गेला. कुठला ठेकेदार गोड बोलल्यानं ऐकतो, कुठला रुसला की घरी जाऊन जेवावं लागतं, कुठल्या गावात सरपंचाच्या आधी सासऱ्याला भेटावं लागतं, हे सगळं तिला समक्ष दाखवलं. आठवडी बाजारात ओळखीच्यांना गाठून स्वतःची बातमी स्वतःच द्यायचा, "मी चाललोय बरं का. काही राहिलं असंल तर आत्ताच बोलून घ्या." लोक दचकायचे, "काहून असं अभद्र बोलून राहिलाव हनीफभाई?" म्हणायचे. मग हळूच बसायचे आणि खरोखर राहिलेलं बोलायचे. मारोतरावानं शाळेत त्याची चिंचेची पुडी चोरल्याचं तिथंच कबूल केलं. हनीफ म्हणाला, "मला तवाच माहीत होतं. बातमी शिळी हाय." हळद यायच्या आत गोदाम उभं राहिलं. पहिली ट्रॉली खालच्या ओट्याला अलगद लागली तेव्हा तो खुर्ची टाकून समोर बसला होता, अंगावर शाल, हातात मोसंबी. त्यानंतर तो घराबाहेर फारसा पडला नाही.

...वारंगा फाटा आला तेव्हा जावई गाडी चालवत होता. रस्त्याच्या कडेला फळांच्या गाड्यांवर मोसंबीचे ढीग लागलेले. त्यानं वेग कमी केला. "बाबा, काही घ्यायचं?" मी म्हणालो, "थांबू नको." कळमनुरीला पोचलो तेव्हा जनाजा अंगणातच होता. आसिफनं मला हाताला धरून पुढे नेलं, मी हनीफचं तोंड बघितलं, आणि निघताना एक खांदा माझा होता. कब्रस्तानाच्या फाटकाशी मारोतराव भेटला. माझे दोन्ही हात धरून गंभीरपणे म्हणाला, "दिनकरराव, मन घट्ट करा... हनीफ गेला." मी मान हलवली आणि त्याला मिठी मारली.

पुढच्या शनिवारी बैठक होती. ऑफिसात सगळे जमले. ट्रेमध्ये कप पालथे, किटली भरलेली. कुणी म्हणालं, साहेब असते तर. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. प्रतिभा खाली बघत होती. त्या दिवशी तिलाही जमेना. एकही कप सरळ होत नव्हता आणि चहा गार व्हायला लागला. मला त्याचा पहिला शनिवार आठवला. मी खाकरलो. त्या बैठकीत वाईट बातमी मी आजवर फक्त ऐकली होती, कधी सांगितली नव्हती. "बसलात का सगळे?" मी विचारलं. "हनीफ गेला. माझा मित्र गेला, तुमचा साहेब गेला, आणि तसा माणूस परत मिळायचा नाही. आता काय करायचं, तर त्यानं हातात घेतलेली कामं वेळेवर द्यायची आणि हे कप असेच मांडायचे." एवढं बोलून मी माझा कप सरळ केला. प्रतिभानं डोळे पुसले, किटली उचलली आणि मला चहा ओतला.

दोन घोट घेतले नाहीत तोवर ती जागेवरून उठली, दाराशी जाऊन उभी राहिली. आजवर ती मला सरच म्हणत आली होती.

"मालक..."

मी कप खाली ठेवला. पाणी प्यालो. खुर्चीला पाठ टेकली आणि स्वतःच्याच गुडघ्यावर हात ठेवला.

"बोल."